अभ्रा, पिशवी, लाळेरं: सरळ टीप येते तेवढ्यावर शिवता येणाऱ्या घरच्या वस्तू

घरी शिवलेली वस्तू कच्ची दिसते तेव्हा दोष बहुतेक वेळा टिपेचा नसतो. सरळ टीप थोड्या सरावाने कुणालाही जमते. कापड आधी न धुतल्यामुळे अभ्रा पहिल्याच धुण्यात आटतो, तिरकं बेतल्यामुळे पिशवीला पीळ पडतो, मध्ये मध्ये इस्त्री न केल्यामुळे शिवण फुगलेली राहते. म्हणजे खरं काम मशीनसमोर बसण्याआधी आणि दोन टिपांच्या मध्ये होतं. त्यासाठी वेळ काढायची तयारी असेल तर खाली दिलेल्या सगळ्या वस्तू नवशिक्यालाही नीट जमतील. क्रम सोप्यापासून पुढे लावला आहे, पण मधलीच एखादी वस्तू आधी करायला हरकत नाही.

कापड: धुवा, सरळ करा, मग बेता

नवं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, सैल विणीचं असेल तर त्याहूनही जास्त. आटतं ते मुख्यतः उभ्या धाग्यांच्या दिशेने, कारण मागावर तेच ताणून धरलेले असतात आणि पाण्यात पडले की तो ताण सुटतो. ४० सेंमीच्या अभ्र्याचे ५ टक्के म्हणजे २ सेंमी. तेवढ्याने उशी आत कोंबावी लागते आणि मागची झापड उघडी पडते. म्हणून वस्तू पुढे ज्या पाण्यात आणि ज्या पद्धतीने धुतली जाणार, त्याच पद्धतीने कापड आधी एकदा धुऊन घ्या. धुण्याआधी कापलेल्या कडांना झिगझॅग टीप मारून ठेवली तर दशा सुटून गुंता होत नाही. गडद रंगाचं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून पाहा. फडक्याला रंग लागला तर ते कापड फिक्या कापडाला जोडायचं नाही, कितीही शोभून दिसत असलं तरी.

कापड किंचित दमट असतानाच इस्त्री करा. त्यानंतर कड सरळ करायची. दुकानात कापलेली कड बहुतेक वेळा तिरकी असते. किनारीला एक बारीक छेद द्या, तिथला एक आडवा धागा बोटांनी धरा आणि हळूहळू ओढत जा. धागा सरकतो तशी कापडात एक बारीक रेघ उमटते. त्या रेघेवरून कापा. धागा मध्येच तुटला तर तिथपर्यंत कापून पुढचा धागा धरायचा. ही रेघ आणि किनार यांच्यात काटकोन नसेल, तर आखूड पडलेला कर्ण दोन्ही टोकांना धरून ओढायचा आणि पुन्हा इस्त्री करायची. किनारीची एक सेंटिमीटरची पट्टी मात्र काढूनच टाका. ती घट्ट विणलेली असते, धुतल्यावर वेगळी आटते आणि शेजारच्या शिवणीला चुण्या पाडते.

उभा धागा किनारीला समांतर असतो आणि जवळजवळ ताणत नाही. आडवा थोडा ताणतो. उरेब, म्हणजे ४५ अंशांत तिरपं ओढलेलं कापड, भरपूर ताणतं. बंद, पट्ट्या, नाड्या उभ्या धाग्यात बेता. वळणाला लावायची पट्टी उरेब कापा. बाकी तुकडे सगळे एकाच दिशेने ठेवा. कापड वाचवण्यासाठी एखादा तुकडा आडवा फिरवून कापला तर तो चूक लगेच दाखवत नाही, दोन-तीन धुण्यांनंतर दाखवतो.

कापडाची कात्री वेगळी ठेवा आणि तिने कागद कापू नका, धार लवकर जाते. खुणा उलट्या बाजूने शिंप्याच्या खडूने करा. बॉलपेनची रेघ धुऊन जात नाही, आणि फिक्या कापडावर ती सुलट्या बाजूलाही दिसते.

या लेखात शिवणीची माया, म्हणजे टिपेपासून कडेपर्यंत सोडायचं कापड, सगळीकडे १ सेंमी धरली आहे आणि ती दिलेल्या मापांत आलेली आहे. मशीनच्या पट्टीवर सुईपासून १ सेंमी मोजून कागदी चिकटपट्टी लावून ठेवा आणि कापडाची कड तिला लावून चालवा. शिवताना नजर सुईवर न ठेवता या पट्टीवर ठेवली की टीप आपोआप सरळ येते.

मशीन आणि सुई

साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, मलमलीसारख्या पातळ कापडाला ११, कॅनव्हास किंवा डेनिमला १६. होजिअरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई लागते. साधी सुई त्याचे फंद तोडते आणि पुढे भोकं पडतात. सुई साधारण आठ तास शिवल्यावर बदलावी. बोथट सुईचा आवाजच वेगळा येतो, प्रत्येक टाक्याला बारीक ठोका पडल्यासारखा. टाक्याची लांबी नेहमीच्या कामाला २.५ मिमी, जाड पदरांवरून ३ ते ३.५.

नवशिक्यांना सर्वांत जास्त छळतो तो कापडाच्या खालच्या बाजूचा गुंता. गुंता खाली दिसतो म्हणून बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी, पुन्हा पुन्हा काढून बसवली जाते, पण दोष जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यात असतो: तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना या चकत्या मिटलेल्या असतात, त्यामुळे दोरा त्यांच्या वरूनच जातो. फूट वर उचला, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा. सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची दहा-दहा सेंमीची टोकं मागे धरून ठेवा आणि तीन-चार टाके पडल्यावर सोडा. बॉबिनचा दोरा वरच्या बाजूला ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे, थोडा कमी करा. टाके सुटत असतील तर ताणाला हात लावण्याआधी सुई बदला आणि तिची सपाट बाजू मशीनला हवी तशीच बसली आहे ना ते पाहा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली तर बरीच उसवाउसव वाचते. मशीनचे दाते खालचा पदर पुढे ओढतात आणि फूट वरच्या पदराला मागे रेटतो. त्यामुळे लांब शिवणीत शेवटी वरचा पदर काही मिलिमीटर उरतो. दोन पदरांपैकी एक जरासा लांब असेल तर तो खाली ठेवा, दाते तो सामावून घेतात. दोन्ही सारखे असतील तर आधी दोन्ही टोकांना टाचण्या लावा, मग मधोमध, मग उरलेल्या जागी. टाचण्या शिवणीला आडव्या लावा आणि सुई जवळ आली की काढा. टाचणीवरून शिवू नका. सुई तुटली तर तिचा तुकडा थेट डोळ्यांच्या दिशेने उडू शकतो.

मशीन नसेल तरी काही अडत नाही. हाताने शिवताना धावदोरा फक्त कच्च्या शिवणीसाठी वापरा. पक्क्या शिवणीला उलट टीप घाला: सुई एक टाका पुढे काढायची आणि मागच्या टाक्याच्या टोकात परत खाली घालायची. टाका ३ मिमीचा ठेवला तर ४० सेंमीच्या अभ्र्याच्या चार बाजूंना पाचशेच्या वर टाके पडतात. दोरा ४५ ते ५० सेंमीपेक्षा लांब घेऊ नका. लांब दोऱ्याने वेळ वाचत नाही, गाठी सोडवण्यात जातो.

चेन-बटण नसलेला कुशनचा अभ्रा

४० × ४० सेंमीच्या कुशनसाठी पुढचा तुकडा ४२ × ४२ एक, मागचे तुकडे ४२ × २९ दोन. तिन्ही शेजारी ठेवले तर रुंदीत १०० सेंमी भरतात, म्हणजे ११० सेंमी पन्ह्याचं अर्धा मीटर कापड पुरतं. दुसऱ्या मापासाठी हिशोब असा: पुढचा तुकडा कुशनच्या मापापेक्षा २ सेंमी मोठा. मागच्या तुकड्याची रुंदी काढायला या मापात १० मिळवा, निम्मे करा आणि ३ मिळवा. ५० सेंमीच्या कुशनला ५२ अधिक १० म्हणजे ६२, त्याचे निम्मे ३१, आणि ३ मिळवले की ३४. मिळवलेले १० म्हणजे दोन झापडा एकमेकींवर येतात ती जागा. ती ७ सेंमीपेक्षा कमी ठेवली तर कुशनच्या फुगीने मागे फट पडते. अभ्रा टंच भरलेला हवा असेल तर कुशनचं माप दोन सेंटिमीटर कमी धरून हाच हिशोब करा.

मागच्या दोन्ही तुकड्यांची एकेक ४२ सेंमीची कड आधी १ सेंमी दुमडून इस्त्री करा, मग आणखी २ सेंमी दुमडून पुन्हा इस्त्री. आतल्या दुमडीच्या कडेपासून २ मिमीवर टीप मारा. इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. घासत नेली की कड ताणली जाते आणि झापड लाटेसारखी दिसते.

आता पुढचा तुकडा सुलटी बाजू वर करून पसरा. त्यावर मागचा एक तुकडा उलटी बाजू वर करून ठेवा, त्याची कच्ची कड पुढच्या तुकड्याच्या कडेला लावून. दुसरा तुकडा समोरच्या बाजूने तसाच ठेवा. इथे क्रम महत्त्वाचा आहे: जो तुकडा आधी ठेवाल तो अभ्रा उलटल्यावर बाहेर येईल. नक्षीला वर-खाली असेल तर वरच्या बाजूचा तुकडा आधी ठेवा, म्हणजे झापड वरून खाली येते.

चारी बाजूंना टीप मारा, सुरुवात कोपऱ्यापासून न करता एखाद्या बाजूच्या मधून. दोन झापडा जिथे एकमेकींवर येतात तिथे दोन्ही कडांना मागे-पुढे दोनदा टीप घ्या. कुशन आत घालताना सगळा ताण तिथेच येतो. कोपऱ्यावर आल्यावर सुई कापडात खाली ठेवून फूट उचला, कापड वळवा, फूट टाका. पण नेमक्या काटकोनात शिवलेला अभ्रा भरल्यावर चारी टोकांना रिकामे कान निघतात, कारण कुशनचे कोपरे गोलसर असतात. ते टाळायचं तर कोपऱ्याच्या १० सेंमी अलीकडून रेघ हळूहळू आत आणा, कोपऱ्यावर माया २ सेंमी होऊ द्या आणि पुढच्या १० सेंमीत परत १ वर न्या. ही रेघ आधी खडूने आखून घ्या, अंदाजाने चारी कोपरे सारखे येत नाहीत.

कोपऱ्याची जास्तीची माया टिपेपासून ३ मिमी ठेवून तिरकी कापा, बाकी कडांना झिगझॅग करा आणि अभ्रा उलटा. कोपरे काढायला कात्रीचं टोक वापरू नका, आरपार जातं. बोथट पेन्सिल किंवा विणकामाची सुई पुरते.

बैठ्या तळाची कापडी पिशवी

जाड कॅनव्हास, ड्रिल किंवा जुन्या जीन्सचं कापड घ्या. अंगाचे दोन तुकडे ४२ × ४६ सेंमी, बंदांचे दोन तुकडे ६० × १० सेंमी. खांद्याला अडकवायची असेल तर बंद ७५. बंद उभ्या धाग्यात बेतलेच पाहिजेत. आडवे बेतले तर वजनाने महिन्याभरात लांबतात आणि अरुंद होतात. शिवून झालेली पिशवी सुमारे ३० सेंमी रुंद, ३६ उंच आणि १० खोल होते.

बंद आधी करा. तुकडा लांबीत मध्ये दुमडून इस्त्री करा, उघडा, दोन्ही कडा मधल्या घडीपर्यंत आणा, पुन्हा मिटा. २.५ सेंमीची चार पदरी पट्टी तयार होते. दोन्ही लांब कडांना ३ मिमी आत टीप मारा, दोन्ही टिपा एकाच टोकापासून सुरू करून. उलट दिशांनी मारल्या तर पट्टीला पीळ बसतो. टोकांना दाट झिगझॅग करा.

अंगाचे तुकडे सुलट्या बाजू आत करून दोन्ही बगला आणि तळ शिवा. या कडांना झिगझॅग पुरे. जाड कापडात फ्रेंच शिवण घातली तर पुढे तळाच्या कोपऱ्यात इतके पदर जमतात की सुई अडते. पातळ कापडाच्या पिशवीला मात्र फ्रेंच शिवण घालाच: आधी उलट्या बाजू आत करून ४ मिमीवर टीप, माया ३ मिमीपर्यंत कापायची, मग उलटून सुलट्या बाजू आत करून ६ मिमीवर दुसरी टीप. दशा आतच बंद होतात.

तळ बैठा करायची युक्ती अशी. पिशवी उलटीच असू द्या. एका कोपऱ्यात बोट घालून बगलेची शिवण तळाच्या शिवणीवर नेमकी आणा, म्हणजे कोपऱ्याचा त्रिकोण होतो. शिवणीवर शिवण बसली का हे डोळ्यांनी न ठरवता टाचणी आरपार घालून पाहा: वरच्या शिवणीत घातलेली टाचणी खालच्या शिवणीतूनच निघाली पाहिजे. टोकापासून शिवणीवर ५ सेंमी मोजा, तिथे काटकोनात रेघ काढा. ती बरोबर १० सेंमीची भरेल. भरली नाही तर त्रिकोण तिरका बसला आहे, परत जुळवा. रेघेवर दोनदा टीप मारा, टोक १ सेंमी ठेवून कापा, झिगझॅग करा. दुसरा कोपरा तसाच.

तोंडाची कड १ सेंमी आणि मग ३ सेंमी आत दुमडून इस्त्री करा, खालच्या दुमडीला टीप मारा. पिशवीचा मध्य काढा आणि मध्यापासून दोन्हीकडे ८ सेंमीवर बंदाचा मध्य येईल अशा खुणा करा. बंदाचं टोक आतल्या बाजूने दुमडीवर ३ सेंमी खाली येऊ द्या. टोक आणखी आत दुमडून लपवावंसं वाटेल, पण तसं करू नका. नुसतं ठेवलं तर बंदाचे चार आणि दुमडीचे तीन असे सात पदर होतात. टोक दुमडलं की अकरा, आणि घरगुती मशीन तिथे थांबतं. २.५ सेंमीचा चौकोन शिवा आणि त्याच्या आत फुली. दोरा न तोडता हे होतं.

१६ नंबरची सुई लावा आणि जाड जागी पायाने किंवा मोटरने न चालवता हातचाक फिरवून एकेक टाका घ्या. जाडीवर चढताना फूट तिरका होतो आणि टाके सुटतात किंवा एकाच जागी गोळा होतात. फुटाच्या मागे तितक्याच जाडीची कापडाची घडी ठेवा, म्हणजे फूट सपाट राहतो. उतरताना तीच घडी पुढे ठेवायची. पिशवी फाटते ती बहुतेक वेळा याच चार चौकोनांपाशी, तेव्हा घाई करायची नाही अशी संपूर्ण पिशवीत एकच जागा असेल तर ती ही.

उरलेल्या कापडातून नाडीची पिशवी झटपट होते. २७ × ७० सेंमीचा तुकडा आडवा मध्ये दुमडा, सुलटी बाजू आत. दोन्ही बगला शिवा, पण वरचे ७ सेंमी दोन्हीकडे उघडे सोडा. उघड्या कडा आत दुमडून टीप मारा. मग तोंड १ सेंमी आणि पुढे ३ सेंमी दुमडून शिवा, हा झाला नेफा. ७० सेंमीच्या दोन नाड्या घ्या. एक डाव्या बाजूने घालून दोन्ही नेफ्यांतून फिरवून डावीकडेच काढा, दुसरी उजवीकडून. गाठी मारा. दोन्हीकडून ओढलं की तोंड मिटतं.

गरम भांडं धरायची गादी

इथे कापडाची निवड हीच सुरक्षितता आहे. वरचं, खालचं कापड, आतलं भरण आणि दोरासुद्धा शंभर टक्के सुती हवं. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि तापलेला तवा किंवा ओव्हनचा ट्रे तिथवर सहज पोचतो; वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला चिकटतं. कापड कशाचं आहे याची खात्री नसेल तर या कामाला वापरू नका. फोम नको. आत घालायला जुना सुती टॉवेल उत्तम, दोन ते तीन पदर.

२० × २० सेंमीचे दोन कापडी चौकोन आणि टॉवेलचे चौकोन एकावर एक ठेवा. वाटी ठेवून चारी कोपरे गोल कापा. सगळे पदर सरकू नयेत म्हणून मोठ्या धावदोऱ्याने कच्चे शिवा, मग ४ सेंमी अंतरावर तिरप्या टिपा मारा, मधली आधी आणि मग दोन्हीकडे. कडेपासून सुरू केलं तर समोरच्या बाजूला फुगा येतो. टिपा फार जवळ मारू नका: भरण दाबलं जातं, त्यातली हवा जाते आणि उष्णता अडवते ती हवाच.

कडेला ६ सेंमी रुंदीची उरेब पट्टी लागेल, अडकवायचा लूप धरून ९५ सेंमी लांब. ५० सेंमीच्या चौकोनाचा कर्ण ७० सेंमीच भरतो, तेव्हा दोन पट्ट्या जोडाव्या लागतात. जोडताना टोकं काटकोनात ठेवून तिरपी टीप मारा, म्हणजे जोड एकाच जागी जाड होत नाही. पट्टीची एक कड गादीच्या कडेला लावून १.२ सेंमीवर शिवा, उलटून मागे घ्या, कच्ची कड आत दुमडा आणि हाताने तुरपाई करा. वळणावर पट्टी ओढू नका. ओढली तर कोपरा वाटीसारखा वर वळतो. गादी ओली असेल तेव्हा वापरायची नाही; ओल्या कापडातून उष्णता झटकन हातापर्यंत येते.

लाळेरं

माप नव्याने काढण्यापेक्षा बाळाला नीट बसणारं एखादं लाळेरं कागदावर ठेवून त्याभोवती रेघ काढा आणि चारी बाजूंना १ सेंमी माया मिळवा. समोर मऊ सुती कापड, मागे टॉवेलचं कापड. सुलट्या बाजू आत करून सगळीकडे शिवा, खालच्या सरळ कडेला ७ सेंमी उघडी ठेवून. ती जागा वळणावर ठेवू नका, नंतर नीट मिटत नाही.

गळ्याच्या वळणात उलटण्याआधी मायेला दर ६ ते ८ मिमीवर टिपेच्या २ मिमी अलीकडेपर्यंत छेद द्या. गळ्याची माया उलटल्यावर टिपेपेक्षा मोठ्या घेरात बसायची असते. छेद नसतील तर ती आखडते आणि गळा चुणतो. बाहेरच्या गोल कोपऱ्यांना उलट घडतं, तिथे कापड जास्त होतं, म्हणून छोटे त्रिकोण काढून टाका. उलटा, इस्त्री करा, उघडी कड आत घेऊन कडेने ३ मिमीवर पूर्ण फेरी मारा. त्यातच उघडी जागा बंद होते.

मानेला बंद किंवा नाडी लावू नका, गळ्याला फास बसू शकतो. ओढल्यावर सुटणारं वेल्क्रो लावा आणि त्याचा खरखरीत भाग मानेपासून दूर, बाहेरच्या बाजूला येईल असं बघा. बटण, मणी, चिकटवलेली सजावट काहीही नको. बाळ झोपण्याआधी लाळेरं काढायचं.

उरल्यासुरल्या तुकड्यांची चादर

सगळ्या कामांतून उरलेलं कापड जाडीने सारखं असेल तरच एकत्र जोडा. पातळ तुकडा जाड तुकड्यांच्या मध्ये आला की तोच आधी फाटतो. १२ सेंमीचे ८० चौकोन कापा. ८ × १० मांडले की १ सेंमी माया जाऊन ८० × १०० सेंमीची चादर होते, खेळायला खाली अंथरण्याजोगी. एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी मात्र कोणतंही सुटं पांघरूण ठेवू नये.

या कामात अचूकपणा फार लागतो. माया १ ऐवजी १.२ सेंमी झाली तर प्रत्येक शिवणीत ४ मिमी जातात. आठ चौकोनांच्या रांगेत सात शिवणी, म्हणजे २.८ सेंमी. एक रांग तशी आणि दुसरी बरोबर आली तर त्या एकमेकींना जुळणारच नाहीत. पहिली रांग शिवून झाली की मोजा; दोन्ही टोकांची माया धरून ती ८२ सेंमी भरली पाहिजे. नसेल तर तिथेच उसवा.

पहिल्या रांगेतल्या सगळ्या माया इस्त्रीने उजवीकडे वळवा, दुसरीतल्या डावीकडे, तिसरीतल्या पुन्हा उजवीकडे. मग दोन रांगा एकमेकींवर ठेवल्या की शिवणी बोटांना एकमेकींत अडकल्यासारख्या जाणवतात. तिथे टाचणी लावली की चारही कोपरे एका बिंदूत येतात. सगळ्या रांगा जोडून झाल्यावर ८२ × १०२ सेंमीची जुनी, बऱ्याच वेळा धुतलेली सुती चादर सुलट बाजू आत करून ठेवा. १५ सेंमी सोडून सगळीकडे शिवा, उलटा, उघडी जागा हाताने मिटवा. शेवटी प्रत्येक दुसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्यावर जाड सुती दोऱ्याने दोन्ही पदरांतून एक टाका घेऊन मागच्या बाजूला दुहेरी गाठ मारा आणि दोरे आत खोचा, म्हणजे धुताना मागचा पदर गोळा होत नाही.